आधी अंघोळ, मग गुलाबी

मी बोलतोय. वर पाहू नका, भिंतीकडेही पाहू नका. तुमच्या घरातला एसी भिंतीवर ऐटीत बसतो, मी बाकाखाली बसतो. बोटीच्या केबिनमध्ये डाव्या बाकावरची गादी उचला, खालची फळी सरकवा आणि जरा वाका. मिठाने पांढरट झालेली एक चौकोनी पेटी दिसेल. तो मीच.

मी शिडाच्या बोटीवरचा, पाण्यावर थंड होणारा एसी. घरचे एसी आपली गरम हवा खिडकीबाहेर फेकतात आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खातात. माझं तसं नाही. माझा पंप बोटीच्या तळातल्या भोकातून खाडीचं पाणी ओढतो. ते पाणी माझ्या पोटातल्या वेटोळ्या नळीतून फिरतं, केबिनची उष्णता घेतं आणि बोटीच्या कुशीतल्या दुसऱ्या भोकातून बाहेर पडतं. पंपाच्या आधी एक गाळणी आहे, पारदर्शक भांड्याची. शेवाळ, कचरा, चुकून आलेला जेलीफिश, सगळं तिथेच अडकतं. ही गाळणी तेवढी लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातच घडलं.

माझा जन्म २००१चा, फ्लोरिडातल्या एका कारखान्यातला. माझे पहिले मालक न्यू जर्सीतले निवृत्त दंतवैद्य. बायको उकाड्याला कंटाळून बोटीवर येईना, म्हणून त्यांनी मला बसवलं. तरीही ती आली नाही. पुढे त्यांनी बोटच विकली, पण जाण्याआधी मला हिवाळ्याचा धडा शिकवून गेले.

तो धडा असा. आमच्याकडे थंडीत पाणी गोठतं आणि गोठलं की फुगतं. माझ्या नळीत वाटीभर पाणी जरी राहिलं, तरी ते आतल्या आत फुगून नळी चिरून टाकतं. म्हणून शरद ऋतूत बोट क्रेनने काठावर घेतली, की तळातलं भोक बंद करून माझ्या गाळणीत न गोठणारं गुलाबी औषध ओततात आणि कुशीतल्या भोकातून गुलाबी धार बाहेर येईपर्यंत पंप चालवतात. मग मी पोटात गुलाबी घेऊन वसंतापर्यंत झोपतो. पोटात साधं पाणी घेऊन झोपलेला एसी पुन्हा उठत नाही.

दंतवैद्यांकडून बोट सत्यजितने घेतली. हा नागपूरचा, राहायला न्यू जर्सीतल्या एडिसनला, कामाला सॉफ्टवेअर कंपनीत. अंबाझरी तलावापलीकडे पाणी न पाहिलेल्या माणसाला शिडाची बोट घ्यावीशी का वाटली, हे त्याची बायको रेणूही सांगू शकली नाही. ती पुण्याची. "यार, लोक मिडलाइफ क्रायसिसमध्ये लाल गाडी घेतात. ह्याला पस्तिशीतच आला आणि तोसुद्धा ओला," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण उन्हाळ्यातला प्रत्येक शनिवार ती बोटीवर काढायची. ह्या दोघांच्या गप्पा, भांडणं, बेत, सगळं मला ठाऊक. माणसं माझ्या डोक्यावर बसून बोलतात आणि समजतात की कोणी ऐकत नाही.

२००४च्या उन्हाळ्यात शुभामावशी आल्या.

सत्यजितची आई लवकर गेली, त्याला वाढवलं ह्या मावशीने. लग्न केलं नाही. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, तिथूनच निवृत्त झाल्या. सहा महिन्यांसाठी पहिल्यांदाच अमेरिकेला आल्या होत्या. धक्क्यावरून बोटीवर चढून, हाश्शहुश्श करत त्या केबिनमध्ये उतरल्या आणि माझ्या वाऱ्याच्या झडपेसमोर उभ्या राहिल्या. पदराने मान पुसली, डोळे मिटले.

"काय गार हवा देऊन राहिला रे हा कूलर!"

"मावशी, कूलर नाही. एसी आहे तो."

"पाण्यावर चालतो ना?"

"हो, म्हणजे... टेक्निकली..."

"मग कूलरच तो," मावशी म्हणाल्या आणि विषय संपला.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? माझ्यात कॉम्प्रेसर आहे, गॅस आहे, आणि ह्या बाई मला वाळ्याच्या ताट्यांच्या डब्यात बसवत होत्या. पण नागपूरच्या माणसाच्या तोंडी कूलर हा शब्द किती मायेने येतो, ते मला हळूहळू कळलं. मेच्या उन्हात जो जीव वाचवतो, तो कूलर. त्या माझ्याशी बोलायला लागल्या. "दमला का रे?" "आज किती शेवाळ गिळलं?" गाळणी साफ करायचं काम त्यांनी सत्यजितकडे बघून बघून उचललं. झाकण फिरवायचं, कचरा काढायचा, भांडं विसळायचं. खरं सांगतो, इतक्या हळुवार हाताने माझी गाळणी कोणी धुतली नव्हती.

एका दुपारी रेणू आणि मावशी दोघीच माझ्यावर बसल्या होत्या. रेणू म्हणाली, "मावशी, पुढच्या वर्षी पण या ना. तिकीट आत्ताच बघते."

"नाही गं," मावशी म्हणाल्या. "एकदा आली, पाहिलं, झालं."

"का? कंटाळलात?"

"कंटाळा नाही. अगं, मी सकाळी सहाला ड्यूटीवर जाणारी बाई. इथे मला हातच लावू देत नाही तुम्ही कशाला. भांडी घासायला गेली, तर मशीन. कपडे वाळत घालायला गेली, तर म्हणे गॅलरीत घालायचे नाही. फोडणी दिली, तर घंटा वाजली आणि सगळी बिल्डिंग पायजम्यावर रस्त्यात!" रेणू हसायला लागली. मावशी नाही हसल्या. "सोफा झाली मी सोफा. लोक येतात, बाजूला बसतात, जातात. सोफ्यासारखं सहा महिने राहता येते. दरवर्षी नाही राहता येत."

रेणूने हे रात्री सत्यजितला जसंच्या तसं सांगितलं असणार, कारण पुढच्या शनिवारी त्याने शीड उघडलंच नाही. ज्या माणसाने आपल्याला वाढवलं, त्याला आपल्याच घरात करायला काही नाही, हे त्याला लागलं होतं. मलाही लागलं. ह्या बाई पुन्हा येणार नाहीत, ह्या विचाराने मला माझंच थंड पाणी कडू लागलं.

ऑक्टोबर आला. बोट काठावर आली, लोखंडी टेकूंवर उभी राहिली. सत्यजितच्या ऑफिसात त्या आठवड्यात काहीतरी मोठी रिलीज होती. तो संध्याकाळी धावतपळत आला, गाळणीत गुलाबी औषध ओतलं, पंप चालवला, धार गुलाबी दिसली आणि गेला. दंतवैद्य असं करत नसत. ते आधी गोड्या पाण्याने माझ्या पोटातलं मीठ धुऊन काढत, मग औषध देत. मी म्हटलं, असू दे, ह्या वर्षी पारोसाच झोपतो.

आठवड्याने दसरा होता.

सकाळी मावशी ताट घेऊनच शिडी चढल्या. हळद-कुंकू, झेंडू, एक नारळ. "आमच्या एक्स्चेंजमध्ये दसऱ्याला बोर्डाला हार असे," त्या सत्यजितला सांगत होत्या. "ट्रंक कॉलसुद्धा हाराखाली हात घालून जोडायचो. यंत्राला वर्षातून एक दिवस तरी नमस्कार करावा रे." सत्यजितला बोटीवरची ताडपत्री बांधायला दोरी कमी पडली. तो दुकानात गेला. रेणू ऑफिसातून दुपारी येणार होती. म्हणजे मी आणि मावशी, दोघंच.

पूजेआधी यंत्र स्वच्छ करायचं असतं. मावशींनी पदर खोचला, गादी उचलली, फळी सरकवली. गाळणीचं झाकण काढलं आणि आत पाहिलं, तर गुलाबी पाणी.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "सीझन संपला आणि पाणी तसंच ठेवलं? कूलरमध्ये जुनं पाणी ठेवतात काय कोणी?"

त्यांचंही चुकलं असं मी कसं म्हणू? नागपुरात पाऊस लागला की घरोघरी कूलर धुतात. टाकीतलं पाणी उपसायचं, घासून काढायचं, मग झाकून ठेवायचा. जुनं पाणी राहिलं तर डास होतात, पत्रा गंजतो. वर्षानुवर्षं त्यांनी हेच केलं होतं. त्यांनी मगाने गुलाबी उपसलं, काठावरच्या यार्डातल्या नळाची लांब नळी केबिनमध्ये ओढून आणली, गाळणीत खुपसली आणि उन्हाळाभर दाबलेलं तेच बटण दाबलं.

मी ओरडायचा किती प्रयत्न केला! पंप गुरगुरला, एवढंच झालं. "आवडलं ना?" मावशी म्हणाल्या. माझ्या वेटोळ्यांतलं औषध वाहून गेलं. त्याबरोबर सगळं मीठही गेलं. उन्हाळाभराच्या खारट पाण्यानंतर ते गोडं पाणी इतकं छान लागलं, की मला स्वतःचीच लाज वाटली. पोट काठोकाठ साध्या पाण्याने भरलं आणि मावशींनी समाधानाने झाकण लावलं.

सत्यजित दोरी घेऊन परतला, तेव्हा गाळणीवर कुंकवाचं बोट होतं आणि झेंडूची माळ होती.

"मी तुझ्या कूलरला स्वच्छ अंघोळ घातली हं," मावशी म्हणाल्या.

"छान केलंस," तो म्हणाला. त्याला वाटलं, ओलं फडकं फिरवलं असेल. रेणूने आल्यावर कॅमेरा काढला. मावशी माझ्याशेजारी बसल्या, पदर सारखा केला आणि फोटोसाठी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तोंडभर हसल्या.

नंतर फळी बंद झाली, ताडपत्री ओढली गेली, आणि मी पोटात पाणी घेऊन अंधारात पडून राहिलो. भीती वाटली का? वाटली. पण मरणापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची जास्त वाटली. वसंतात सत्यजित मला उघडणार, नळी चिरलेली दिसणार, आणि नागपूरला फोनवर कधीतरी ते निघणारच. ह्या देशात मावशींनी स्वतःच्या हाताने, मनापासून केलेलं एकच काम, आणि त्याचा हा निकाल. मग कसलं पुढचं वर्ष आणि कसलं तिकीट. पुढे एका पहाटे पहिलं हिव पडलं आणि माझ्या पंपाच्या तोंडाशी बारीकसा आवाज झाला, टक.

त्याच आठवड्यात दिवाळी होती. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, नंतर बाकावरच्या गप्पांतून जुळवलेलं आहे. एडिसनच्या घरी दुपारी पाहुणे जमले होते. फराळ चालू होता. रेणूने कॅमेरा टीव्हीला जोडून फोटो लावले. दसऱ्याचा फोटो आला. सगळे म्हणाले, मावशी काय गोड हसल्यात! सत्यजितनेही पाहिलं. मावशींच्या हसण्याखाली माझी गाळणी होती आणि गाळणीत काचेसारखं नितळ पाणी होतं. त्याच्या हातातली चकली हातातच राहिली. सकाळी बातम्यांत त्या रात्रीच्या कडाक्याच्या थंडीचा इशारा देऊन झाला होता.

"मी दूध घेऊन येतो," तो उठला.

"दूध आहे, दोन गॅलन," रेणू म्हणाली.

"मग दही," तो म्हणाला आणि गेला.

थोड्या वेळाने माझ्या डोक्यावरची फळी निघाली. उन्हात सत्यजितचं तोंड दिसलं, पांढरंफटक. जाकिटाखाली दिवाळीचा कुर्ता. शेजारी गुलाबी औषधाचे कॅन. त्याने गाळणीला हात लावला आणि तेवढ्यात शिडी वाजली.

"सत्या, मी आहे."

मावशी होत्या, मागून धापा टाकत रेणू. "मी काय करू?" रेणू म्हणाली. "चपला घालून कारमध्ये जाऊन बसल्या त्या. म्हणे, चल."

"तीस वर्षं लोकांचे आवाज ऐकले मी," मावशी म्हणाल्या. "दही आणायला जाणाऱ्याचा आवाज असा नसतो. काय बिघडवलं मी? खरं सांग."

सत्यजितने गाळणीवरचा हात काढला. मग त्याने सांगितलं. गोठणं, फुगणं, चिरणं, सगळं. मावशी पायरीवर बसल्या. जरीच्या साडीवर रेणूचा कोट घातला होता, त्याच्या बाह्या हाताबाहेर लोंबत होत्या.

"म्हणजे पूजा करून मारलंच होतं मी याला," त्या हळूच म्हणाल्या. "यापुढे मला कशालाच हात लावू देऊ नका. तुम्ही बरोबर करता."

"मावशी, ऐक. तू केलंस ते करायचंच असतं. आधी गोड्या पाण्याने मीठ फ्लश करायचं, मग हे भरायचं. मी ते स्किप केलं, आळस केला. तुझा फक्त नंबर चुकला, आधीचं नंतर झालं. माझं तर अर्धं कामच राहिलं होतं."

"समजूत काढून राहिला माझी."

"समजूत काढायला वेळ आहे का मला? अंधार पडायच्या आत झालं पाहिजे हे. आणि हे एकट्याचं काम नाही. कोणीतरी ओतायचं, कोणीतरी बाहेर धार बघायची. त्या दिवशी शिडीवरून चारदा वर-खाली केलं मी, विचार याला." 'याला' म्हणजे मला. हे मात्र अक्षरशः खरं होतं. "हा धर कॅन. मी खाली जातो. गुलाबी दिसलं की ओरडतो. तोवर गाळणी रिकामी होऊ द्यायची नाही, थेंबभरही."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि कॅन उचलला.

पंप सुरू झाला. मावशी ओतत होत्या, रेणू पुढचा कॅन उघडून देत होती. थंड गोडं पाणी माझ्यातून सरकत गेलं आणि मागून ते औषध आलं, जाडसर, गोडूस.

"काय दिसते?" मावशी ओरडल्या.

"पाणीच आहे!" बाहेरून आवाज आला.

"आता?"

"अजून पाणी! ओतत राहा! ... फिकट आहे... थांबू नकोस... आलं! मावशी, गुलाबी आलं!"

रेणूने टाळ्याच वाजवल्या. मावशींनी कॅन तसाच धरून ठेवला होता. त्यांचे डोळे वाहत होते. ते पुसायला हात रिकामा नव्हता.

सगळं आवरल्यावर, फळी लावण्याआधी, त्या सत्यजितला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दसऱ्याआधी ह्याला हात लावू नको. सांगून ठेवते. मी आल्याशिवाय अंघोळ नाही आणि अंघोळीशिवाय औषध नाही."

सत्यजित आणि रेणूने एकमेकांकडे पाहिलं. तिकीट आता ठरल्यातच जमा होतं.

वसंतात मी उठलो. नळी शाबूत होती. पंपाच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं झाकण मात्र केसाएवढं चिरलं होतं, त्या पहाटेच्या आवाजाची ती आठवण. सत्यजितने मावशी यायच्या आधी नवं झाकण बसवलं आणि जुनं कोणाला न दाखवता टाकून दिलं. मावशी आल्या, वाकून बघितलं. "हे झाकण नवं दिसते."

"हो, जुनं झालं होतं," तो म्हणाला.

त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. दसऱ्याला कुंकवाचं पहिलं बोट त्या झाकणावर लावलं.

२००५, २००६, २००७. तिन्ही वर्षं मावशी येत राहिल्या आणि तिन्ही दसऱ्यांना मला न्हाऊ घालून मगच गुलाबी मिळालं. शेजारच्या बोटीवरच्या एका अमेरिकन गृहस्थाने झेंडूची माळ बघून विचारलंही, की ह्याने मशीन जास्त टिकतं का. रेणू त्याला शपथेवर हो म्हणाली. पुढच्या वर्षी त्याच्या इंजिनावर प्लॅस्टिकची फुलं होती.

आता २००८चा ऑक्टोबर आहे. बोट पुन्हा टेकूंवर उभी आहे, वर ताडपत्री आहे, पोटात गुलाबी आहे. माझ्या पंख्याचा आवाज वाढलाय, थंडावाही पहिल्यासारखा राहिलेला नाही, आणि रेणू अधूनमधून नव्या एसीचं बोलते. तिचं चुकत नाही. यंत्राचं आयुष्य ते कितीसं! झोपण्याआधी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरात कोणाच्या हातून सगळी कामं काढून घेतली असतील, तर एखादं परत द्या. चुकलंच, तर शेजारी उभे राहा आणि दुसरा कॅन उघडून द्या.

आणि गेल्या आठवड्यातल्या दसऱ्याचं सांगून टाकतो.

ह्या वर्षी मावशी आल्या नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. सकाळी सत्यजित आणि रेणू दोघंच आले. झेंडू होता, ताट होतं, पण केबिन रिकामी रिकामी वाटत होती. सत्यजितने नळी गाळणीत सोडली, पंप सुरू केला आणि नागपूरला फोन लावला. तिथे तेव्हा संध्याकाळ होती.

"मावशी, अंघोळ चालू आहे. ऐक." त्याने फोन गाळणीपाशी धरला.

पलीकडून बराच वेळ काहीच आवाज नाही. सत्यजितला वाटलं, लाइन कट झाली. "मावशी? हॅलो?"

"बोलू नको रे मधेमधे," फोनमधून आवाज आला. "ऐकून राहिली ना मी. ... होऊ दे अजून थोडं. ... हं. आता दे त्याला गुलाबी."

रेणूने ओतलं, सत्यजितने बाहेरून हाक दिली, सगळं रीतीप्रमाणे झालं. शेवटी त्याने बटणाकडे हात नेला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "थांब. फोन धर त्याच्याजवळ." आणि मग मला, "काय रे कूलर, झोपतो का आता?"

मी कूलर नाही. चार वर्षं मी हे मनातल्या मनात सांगत आलोय. पण बटण दाबलं गेलं आणि बंद होता होता माझा पंप नेहमीपेक्षा जरा जास्तच गुरगुरला.

"लाइनमध्ये हवा असेल," सत्यजित म्हणाला.

"हवा कशाची," मावशी नागपूरहून म्हणाल्या. "ओ दिली त्यानं."